रूट हायजॅक झाला, तर पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी काय करावं?

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली आणि चारच दिवसांत ट्विटर बंद करायचा हुकूम निघाला. तो अमलात आणताना तिथल्या कँपाना नावाच्या इंटरनेट कंपनीने ट्विटरचा १०४.२४४.४२.० पासून सुरू होणारा २५६ इंटरनेट पत्त्यांचा (आयपी ॲड्रेसचा) गट स्वतःचाच असल्याचं जाहीर केलं. अडवायचं होतं फक्त देशातल्या लोकांना. पण ती घोषणा सीमेबाहेर गेली आणि बाहेरच्या काही नेटवर्कांनीही ती खरी मानली.

वर्षभराने, २८ मार्च २०२२ ला, रशियात ट्विटरवर बंदी असताना तिथल्या आरटीकॉम या कंपनीने नेमका हाच २५६ पत्त्यांचा गट असाच आपल्या नावावर जाहीर केला. पाऊण तास ही घोषणा चालू होती, पण या खेपेला ती फार लांब गेली नाही. २०२१ मध्ये ट्विटरच्या या पत्त्यांना सही-शिक्क्याची नोंद नव्हती. २०२२ मध्ये ती होती, आणि जगातली बरीच मोठी नेटवर्कं तोवर अशी नोंद तपासून मगच घोषणा स्वीकारू लागली होती.

अशा प्रकाराला रूट हायजॅक म्हणतात. तो घडल्यावर इंटरनेटचा कारभार पाहणाऱ्या संस्थांनी काय करावं, यावर बरीच वर्षं वाद चालू आहे. पत्ते वाटणाऱ्या संस्थांनी हायजॅक करणाऱ्याचे पत्तेच काढून घ्यावेत, असं एका बाजूचं म्हणणं. नोंद ठेवणं एवढंच त्यांचं काम, बाकीच्यात त्यांनी पडू नये, असं दुसऱ्या बाजूचं. मला पहिला उपाय धोक्याचा वाटतो आणि दुसरा कामचुकारपणाचा. असं का वाटतं ते सांगण्याआधी थोडी यंत्रणा समजून घेऊ.

इंटरनेट म्हणजे एकमेकांना जोडलेली पाऊण लाखाहून जास्त स्वतंत्र नेटवर्कं. जिओचं एक, गूगलचं एक, एखाद्या बँकेचं एक, एखाद्या विद्यापीठाचं एक. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजाऱ्यांना सतत सांगत असतं की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील. शेजारी ते ऐकून आपल्या शेजाऱ्यांना सांगतात आणि असं करत करत काही मिनिटांत ही बातमी जगभर पोचते. आज जगाच्या राउटरांमध्ये, म्हणजे वाहतुकीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांमध्ये, जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही४) पत्त्यांचेच नऊ-दहा लाख रूट, म्हणजे पत्तागटांपर्यंतच्या वाटा, असतात. ज्या भाषेत ही देवाणघेवाण चालते तिचं नाव बीजीपी. १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एका बैठकीच्या वेळी, जेवणाच्या टेबलावर, दोन इंजिनिअरांनी तिचा पहिला आराखडा नॅपकिनवर मांडला. तेव्हा इंटरनेटवर मोजकी नेटवर्कं होती आणि ती चालवणारे एकमेकांना ओळखत होते. सांगणारा खरं सांगतोय का, हे तपासायची सोय त्या आराखड्यात नव्हती. मूळ बीजीपीत ती आजही नाही.

त्यात आणखी एक नियम आहे, आणि बहुतेक मोठ्या घटनांचं मूळ त्यात सापडतं. एकाच पत्त्यासाठी दोन घोषणा आल्या तर राउटर लहान गटाची घोषणा निवडतो, कारण ती अधिक नेमकी असते. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण यूट्यूबचं. २४ आणि २५ फेब्रुवारी २००८ च्या मधली रात्र. पाकिस्तानच्या दूरसंचार नियामकाने यूट्यूब अडवायला सांगितलं होतं. भारतीय वेळेप्रमाणे रात्री १२ वाजून १७ मिनिटांनी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी २५६ पत्ते आपले म्हणून जाहीर केले. यूट्यूब स्वतः १०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर करत होतं, त्यामुळे २५६ चा गट जिंकला. पाकिस्तान टेलिकॉमला जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीने काही न तपासता ही घोषणा पुढे पाठवली. यूट्यूबसाठी निघालेली जगातली बरीच वाहतूक पाकिस्तानच्या दिशेने वळली आणि तिथे नाहीशी झाली. १ वाजून ३७ मिनिटांनी यूट्यूबने तोच २५६ चा गट जाहीर केला. आता दोघे बरोबरीत आले, म्हणजे काही वाहतूक इकडे आणि काही तिकडे. १ वाजून ४८ मिनिटांनी यूट्यूबने त्याचेही दोन तुकडे केले, १२८-१२८ पत्त्यांचे. शेवटी २ वाजून ३१ मिनिटांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमकडून आलेले रूट मागे घेतले तेव्हा प्रकरण मिटलं.

या सव्वादोन तासांत पत्ते वाटणाऱ्या संस्थेने करण्यासारखं काहीच नव्हतं, हे लक्षात घ्या. यूट्यूबचे पत्ते यूट्यूबच्याच नावावर होते, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. दुरुस्ती यूट्यूबने केली आणि पीसीसीडब्ल्यूने केली, म्हणजे ज्यांचे हात राउटरपर्यंत पोचत होते त्यांनी.

असे बहुतेक प्रकार चुकीने होतात. १२ मार्च २०१५ ला मुंबईच्या हॅथवे या केबल-ब्रॉडबँड कंपनीकडून गूगलचे तीनशेहून जास्त रूट एअरटेलला गेले आणि एअरटेलने ते पुढे जगाला सांगितले. ते रूट हॅथवेला गूगलशी असलेल्या थेट जोडणीतून मिळाले होते आणि फक्त तिच्या ग्राहकांपुरते होते. पण घोषणा बाहेर गेल्यावर परदेशातलेही लोक गूगलला जायला हॅथवेच्या दारातून जाऊ लागले आणि अनेकांची गूगलची सेवा अडखळली. याला रूट लीक म्हणतात. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कने इतरांच्या मालकीचे तीस हजारांहून जास्त रूट आपले म्हणून जाहीर केले. तिच्याकडे येणारी वाहतूक एकदम नेहमीच्या तेरा पटीपर्यंत चढली. इतकी वाहतूक स्वतःच्याच अंगावर कोणी मुद्दाम ओढून घेत नाही. चुकीच्या घोषणा अडवणारा एखादा फिल्टर कुठेतरी राहून गेला असणार, किंवा कॉन्फिगरेशनची एखादी ओळ चुकली असणार.

पण काही प्रकार उघड चोरीचे असतात. २४ एप्रिल २०१८ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका नेटवर्कमधून ॲमेझॉनच्या डीएनएस सेवेचे पत्ते जाहीर झाले आणि सुमारे दोन तास तसेच राहिले. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. त्या दोन तासांत चोरांच्या सर्व्हरने एकाच नावाला खोटं उत्तर दिलं, मायइथरवॉलेट या क्रिप्टो-पाकिटाच्या साइटला. लोक रशियातल्या एका बनावट सर्व्हरवर पोचले. ब्राउझरने सर्टिफिकेट चुकीचं असल्याचा इशारा दिला होता. तरीही पुढे क्लिक करणाऱ्यांचे मिळून सुमारे दीड लाख डॉलर गेले. घरात कुणी असा इशारा दिसूनही पुढे जात असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

म्हणजे एकाच यंत्रणेत गलथानपणा, सरकारी सेन्सॉरशिप आणि दरोडा अशा तिन्ही गोष्टी घडतात, आणि राउटरला तिन्ही सारख्याच दिसतात.

आता कारभार पाहणाऱ्या संस्थांकडे येऊ. आयपी पत्ते सगळ्यात वर, इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या छताखालच्या आयाना या विभागाकडे असतात. तिथून ते पाच प्रादेशिक संस्थांकडे येतात. युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाच्या काही भागासाठी ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी, आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेनची एपीनिक, उत्तर अमेरिकेसाठी ॲरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी मॉरिशसची ॲफ्रिनिक. भारतात एपीनिकच्या खाली आयरिन नावाची राष्ट्रीय नोंदणी आहे आणि ती निक्सी ही संस्था चालवते. या सगळ्या संस्थांचं काम आपल्या सातबाऱ्यासारखं आहे. गट कुणाच्या नावावर, फेरफार कधी झाला, हे त्या सांगतात. पण शेतात उद्या कोणी नांगर घातला तर तलाठी तो थांबवायला जात नाही, आणि सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून नांगर थांबतही नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये राइपच्या समुदायात एक प्रस्ताव आला. मुद्दाम केलेला हायजॅक हा राइपच्या धोरणाचा भंग मानावा, तक्रार आली की बाहेरच्या तज्ज्ञांनी पुरावे तपासावेत आणि कुणी वारंवार, जाणूनबुजून असं करत असेल तर त्याचं सदस्यत्व काढण्यापर्यंत जाता यावं, असं त्यात होतं. अपघाताने झालेल्या चुका त्यातून वगळल्या होत्या. तशाच धर्तीचे प्रस्ताव लॅटिन अमेरिकेत आणि उत्तर अमेरिकेतही मांडले गेले. ॲरिनच्या सल्लागार मंडळाने हा विषय आपल्या धोरणप्रक्रियेच्या कक्षेतच येत नसल्याचं सांगून तो बाजूला ठेवला. राइपमध्ये मात्र महिनोन्महिने कडाक्याचा वाद झाला. शेवटी एकमत होत नाही असं दिसल्यावर मांडणाऱ्यांनीच त्याच वर्षी तो मागे घेतला.

प्रस्तावामागची चीड मला मनापासून पटते. दुसऱ्याचे पत्ते पळवून त्यावरून स्पॅम पाठवणारी कंपनी त्याच नोंदणी संस्थेची सदस्य असते, तिथूनच स्वतःचे पत्ते घेते, सभेत मतही देऊ शकते. जी संस्था ‘हे पत्ते अमुकचेच’ अशी हमी देते, तिच्याच सदस्याने ती हमी पायदळी तुडवली तर तिने गप्प बसायचं, हे सहन होण्यासारखं नाही.

पण आक्षेपही वजनदार होते. पहिला पुराव्याचा. बीजीपीच्या घोषणेत मधल्या नेटवर्कांची जी साखळी असते, ती खोटी लिहिता येते. माझ्या शत्रूचा क्रमांक साखळीच्या टोकाला घालून मी घोषणा केली, तर दुरून पाहणाऱ्याला चोर तोच दिसेल. दुसरा आक्षेप हेतूचा. म्यानमारच्या त्या कंपनीने ट्विटरचे पत्ते ‘जाणूनबुजून’ जाहीर केले का? देशात जाहीर केले ते नक्की जाणूनबुजून, पण देशाबाहेर ते गेले ते बहुधा चुकून. आणि मुळात हुकूम सरकारचा होता. तीन तज्ज्ञांनी कागदपत्रं बघून यावर काय निकाल द्यायचा? तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, तो शिक्षेच्या भाराचा. एखाद्या इंटरनेट कंपनीचे पत्ते काढून घेतले, तर तिचे हजारो ग्राहक, त्यातली रुग्णालयं, शाळा, दुकानं सगळी एका झटक्यात अधांतरी होतात. गुन्हा एका माणसाचा, आणि वीज तोडल्यागत सेवा तुटते ती अख्ख्या तालुक्याची.

शिवाय अशी काठी हातात आली की ती दुसरेही मागायला येतात. नोव्हेंबर २०११ मध्ये डच पोलिसांनी डीएनएस चेंजर नावाच्या मालवेअर प्रकरणात राइप एनसीसीला चार पत्तागटांची नोंद गोठवायचा आदेश दिला. राइपने आधी ती गोठवली, मग पोलिसांना असा आदेश द्यायचा अधिकार तरी आहे का, हे विचारायला सरकारलाच कोर्टात खेचलं. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनच्या सरकारने आयकॅनला आणि राइपला रशियाविरुद्ध पावलं उचलायला सांगितलं, त्यात रशियाचे पत्ते काढून घ्यायची मागणी होती. दोघांनी नकार दिला. युक्रेनवर जे गुदरत होतं ते पाहता नकार देणं सोपं नव्हतं. तरीही तो योग्यच होता. आज रशियाचे पत्ते काढता आले, तर उद्या कुणाचेही काढता येतात, आणि ते ठरवणारं जागतिक न्यायालय कुठेच नाही.

काठी उगारली की काय होतं, याचा सगळ्यात कडू अनुभव आफ्रिकेचा. तिथला मामला हायजॅकचा नव्हता. क्लाउड इनोव्हेशन या कंपनीकडे साठ लाखांहून जास्त पत्ते होते आणि त्यांचा वापर करारात सांगितल्याप्रमाणे होत नाही, असं ॲफ्रिनिकचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये संस्थेने तिचं सदस्यत्व संपवायचं ठरवलं. कंपनी मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै २०२१ मध्ये ॲफ्रिनिकची बँक खातीच गोठवली गेली, पुढे खटल्यांची रांग लागली, संचालक मंडळाला गणसंख्याही उरली नाही आणि २०२३ मध्ये संस्थेवर रिसीव्हर, म्हणजे कोर्टाचा कारभारी, नेमला गेला. कोण बरोबर होतं हा प्रश्न बाजूला ठेवू. एका खंडाची नोंदवही सांभाळणारी संस्था एका सदस्याशी झालेल्या भांडणात पंगू झाली, एवढं पुरेसं आहे.

मग गप्प बसायचं? अजिबात नाही. काठी कुणाकडे असावी आणि कुणाकडे नसावी, हे आधी नीट ठरवायला हवं.

पोर्तुगालच्या बिटकॅनल या कंपनीचं उदाहरण घ्या. तिच्या नेटवर्कमधून वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे, बहुतेक वापरात नसलेले, पत्ते जाहीर होत होते. जून २०१८ च्या शेवटी कुणीतरी या सगळ्याचे तपशील, कोणते पत्ते, कोणाचे, कधीपासून, असे नेटवर्क चालवणाऱ्यांसमोर उघडपणे मांडले. त्यानंतर तिला जगाशी जोडून देणाऱ्या जीटीटी आणि कोजंट या मोठ्या कंपन्यांनी तिची जोडणी तोडली. लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या एक्सचेंजांनीही, म्हणजे जिथे नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात त्या केंद्रांनीही, तिला बाहेर काढलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बिटकॅनल इंटरनेटवरून जवळपास पुसली गेली. कुठल्याही नोंदणी संस्थेने तिचे पत्ते काढून घेण्याची वाट पाहावी लागली नाही.

यातून मी असा निष्कर्ष काढतो. शिक्षा करायची ती वाहतूक वाहून नेणाऱ्यांनी, कारण ‘मी तुझा माल नेणार नाही’ हे सांगायचा प्रत्येक नेटवर्कला हक्क आहे आणि तो मागेही घेता येतो. सुधारलास तर उद्या परत जोडतो, असं म्हणता येतं. पण त्यांना कारवाई करायला जे लागतं, म्हणजे खात्रीची नोंद आणि खात्रीची हकिकत, ते पुरवणं हे नोंदणी संस्थांचं काम. बिटकॅनलच्या बाबतीत ती हकिकत एका खासगी माणसाच्या चिकाटीवर अवलंबून राहिली. माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

खात्रीची नोंद म्हणजे काय, ते जवळून बघू. नोंदणी संस्था आता पत्त्यांच्या मालकाला डिजिटल सर्टिफिकेट देतात. या यंत्रणेचं नाव आरपीकेआय. मालक त्या सर्टिफिकेटने एक छोटं निवेदन सही करून ठेवतो, त्याला रोआ म्हणतात. रोआमध्ये तीनच गोष्टी असतात: कोणता पत्तागट, तो जाहीर करायचा हक्क कोणत्या एएस नंबरला आणि त्याचे जास्तीत जास्त किती लहान तुकडे जाहीर केलेले चालतील. ट्विटरच्या त्या २५६ पत्त्यांसाठी रोआ म्हणत होता की ते १३४१४ हा ट्विटरचा क्रमांकच जाहीर करू शकतो. आरटीकॉमची घोषणा आली तेव्हा तपासणी करणाऱ्या राउटरने क्रमांक पाहिला, तो जुळला नाही, घोषणा टाकून दिली. कुणाला फोन नाही, समिती नाही, हेतूचा निवाडा नाही. चूक असो वा चोरी, राउटरला फरक पडत नाही, आणि त्यात मला न्याय दिसतो.

या पद्धतीचे मूळ मसुदे २०१२-१३ मध्ये पक्के झाले, पण बरीच वर्षं ती कागदावरच होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये एटी अँड टीने चुकीच्या ठरलेल्या घोषणा टाकून द्यायला सुरुवात केली, मग एकेक मोठं नेटवर्क आलं. मे २०२४ मध्ये जगातल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या निम्म्याहून जास्त रूटना रोआचं कवच मिळालेलं होतं.

आता या नोंदीचं मोल वाढलं की तिच्यावरच डल्ला पडणार. ३ जानेवारी २०२४ ला स्पेनमध्ये ऑरेंज कंपनीचं इंटरनेट काही तास कोसळलं. कुणीतरी राइपच्या पोर्टलवर कंपनीच्या खात्यात शिरलं होतं आणि तिच्याच पत्त्यांसाठी चुकीच्या क्रमांकाचे रोआ बनवून ठेवले होते. मग इमाने इतबारे तपासणी करणाऱ्या नेटवर्कांनी ऑरेंजच्या खऱ्या घोषणा खोट्या समजून टाकून दिल्या. त्या खात्याचा पासवर्ड होता ‘राइपॲडमिन’, आणि ओटीपीसारखी दुसरी पायरी लावलेली नव्हती. कोट्यवधी लोकांची वाट ज्या खात्यावर अवलंबून आहे, त्याला आपल्या यूपीआय ॲपइतकंही कुलूप नसावं, हे मला आजही धक्कादायक वाटतं. दुसरी पायरी तोवर राइपमध्ये ऐच्छिक होती, त्या घटनेनंतर ती सक्तीची झाली. पाचही प्रदेशांत आणि राष्ट्रीय नोंदण्यांत ती सक्तीची असायला हवी, आणि एखाद्या मोठ्या पत्तागटाचा रोआ अचानक वेगळ्याच क्रमांकाकडे वळला, तर अमलात येण्याआधी मालकाला फोन गेला पाहिजे.

जे पत्ते अजून कुणालाच दिलेले नाहीत, त्यांच्या बाबतीत नोंदणी संस्थेला पूर्ण हक्क आहे. तिथे मालक तीच. एपीनिकने २०२० पासून अशा न वाटलेल्या पत्त्यांसाठी ‘शून्य’ क्रमांकाचे रोआ काढायला सुरुवात केली. अर्थ असा की हे पत्ते कुणीही जाहीर केले तरी ते चूक. असा निर्णय पाचही जणींनी घ्यावा.

कागदोपत्री लबाडीचंही तसंच. बंद पडलेल्या कंपनीचं नाव, तिचं मुदत संपलेलं ईमेल डोमेन विकत घ्यायचं, खोटी पत्रं करायची आणि तिचे जुने पत्ते स्वतःच्या नावावर करून घ्यायचे, हा जुना धंदा आहे. इथे फसवणूक थेट नोंदवहीशी झालेली असते. हे प्रकरण राउटिंगचं नाही, खोट्या फेरफाराचं आहे. इथे नोंद रद्द करणं, आणि पोलिसांत जाणं, हे नोंदणी संस्थेचं कर्तव्यच आहे. त्यात तिने कचरू नये.

आणि हकिकत. मोठा हायजॅक झाला की आज त्याची कहाणी एखाद्या मॉनिटरिंग कंपनीच्या संशोधकाकडून कळते. ते लोक उत्तम काम करतात, पण ते त्यांचं बंधनकारक काम नाही. राइपने यूट्यूब प्रकरणानंतर मिनिटामिनिटाचा तपशील स्वतः प्रसिद्ध केला होता, कारण जगभरातून घोषणा टिपणारी यंत्रणा तिच्याकडे आहे. वर ज्या वेळा दिल्या, त्या तशाच कामातून आल्या. हे नियमाने व्हायला हवं. पाचही संस्थांनी मिळून एक छोटं स्वतंत्र पथक ठेवावं. ज्याचे पत्ते पळवले गेले त्याने तक्रार केली की पथकाने काय घडलं, कोणत्या क्रमांकातून, कुणी पुढे पाठवलं, कधी थांबलं, हे लिहावं. संबंधित नेटवर्कची बाजू त्याच कागदावर छापावी. हेतूवर शेरा मारू नये, शिक्षा सुचवू नये. पण एकाच नेटवर्कच्या नावाने असे चार कागद जमले, की त्याला जोडून देणाऱ्या कंपनीला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. मला तर वाटतं की प्रत्येक कागदावर घोषणा पुढे पाठवणाऱ्याचं नाव करणाऱ्याच्या बरोबरीने छापावं. २००८ च्या त्या रात्री पीसीसीडब्ल्यूने फिल्टर लावला असता तर जगाला यूट्यूब बंद पडलेलं कळलंही नसतं.

रोआ सगळं थोपवतो असं मात्र नाही. १७ ऑगस्ट २०२२ ला सेलर ब्रिज या क्रिप्टो सेवेच्या वापरकर्त्यांचे सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर गेले. चोरांनी ॲमेझॉनचे २५६ पत्ते एका ब्रिटिश होस्टिंग कंपनीच्या नेटवर्कमधून जाहीर केले, पण साखळीच्या टोकाला ॲमेझॉनचाच क्रमांक लिहिला. फक्त टोकाचा क्रमांक तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसलं. यावर उपाय म्हणजे अख्खी साखळी तपासणं. त्यासाठी २०१७ मध्ये बीजीपीसेक नावाचं मानक आलं, पण ते राउटरांना जड पडतं आणि मधल्या प्रत्येकाने वापरल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, म्हणून ते फारसं वापरात आलं नाही. आता आस्पा नावाची हलकी पद्धत घडते आहे. तिच्यात प्रत्येक नेटवर्क आपली ‘वरची जोडणी’ कोणाकोणाकडून आहे हे सही करून सांगतं, म्हणजे नसलेलं नातं दाखवणारी साखळी पकडता येते. हॅथवेसारखा लीकही त्यातून बराचसा अडेल. यासाठीही पुन्हा नोंदणी संस्थेचंच पोर्टल लागतं. ते वेळेत तयार ठेवणं हे शिक्षेच्या प्रस्तावांवर वर्षं घालवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

सरकारांची जागा यात मर्यादित पण खरी आहे. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने जून २०२४ मध्ये देशातल्या नऊ मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांनी बीजीपीच्या सुरक्षिततेची आपली योजना लिहून द्यावी, असा प्रस्ताव मांडला. ‘अमुक तंत्र वापरा’ असं न सांगता ‘तुम्ही काय करता ते दाखवा’ असं विचारणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण तंत्र बदलत राहतं. भारतात सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार राउटरांवरच्या हल्ल्यांसह अनेक घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. ती माहिती सरकारकडे जाते. ग्राहकाला, आणि शेजारच्या इंटरनेट कंपनीच्या इंजिनिअरला, त्यातून काही शिकायला मिळावं म्हणून ठरावीक मुदतीनंतर ती तपशिलासह प्रसिद्ध करण्याची सोय व्हावी.

आयरिनकडून पाचशे-हजार पत्ते घेऊन सांगली, लातूर, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत ब्रॉडबँड चालवणारे छोटे व्यावसायिक आज पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे बहुधा एकच नेटवर्कवाला माणूस असतो, तोच फायबर जोडतो, तोच राउटर सांभाळतो. त्याला धोरणाची पन्नास पानं पाठवून काही होणार नाही. वार्षिक शुल्काच्या बिलासोबत आयरिनने त्याला एक पान मराठीतून पाठवावं: तुमच्या नावावर हे पत्ते आहेत, यातल्या इतक्यांना रोआ नाही, या एका रोआतला क्रमांक तुम्ही प्रत्यक्ष जाहीर करता त्याच्याशी जुळत नाही, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर संपर्कासाठी तुम्ही दिलेला हा फोन नंबर आम्ही लावून पाहिला, तो लागत नाही.